उसना बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावात आबा आपल्या बैलांची खांदेमळणी करत होते. हळद आणि लोणी कालवून ते बैलांच्या खांद्यांवर चोळत होते. वर्षभर जू वाहून जिथे घट्टा पडला होता, तिथे अंगठ्याने हळूहळू जिरवत होते. नववीत शिकणारी नात गोठ्याच्या दाराशी वही घेऊन बसली होती.

"आबा, शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे," ती म्हणाली. "विषय आहे, 'स्वातंत्र्याच्या लढाईत परक्या फौजेची मदत घ्यावी का?' अमेरिकेला फ्रान्सने मदत केली, हे लिहिलं. नेताजींनी जपानची मदत घेतली, तेही लिहिलं. पण शेवट सुचत नाही. घ्यावी की घेऊ नये, एका वाक्यात सांगा ना."

"एका वाक्यात सांगितलं तर पाठ होईल, पटणार नाही. आधी एका बैलाची गोष्ट ऐक, माय. मग वही उघड."

आबांनी हात पुसले, कडब्याच्या पेंडीवर बसले आणि सांगू लागले.

नदीकाठी एक शेतकरी राहत होता. जमीन काळी, कसदार, पण सावकाराकडे गहाण. कागदावर अट अशी होती, की ज्या वर्षी रान पडीक राहील त्या वर्षी ते सावकाराचं होईल. शेतकऱ्याकडे एक जोडी होती. त्यातला एक बैल घटसर्पाने गेला. मागे राहिला एक लहानखुरा तांबडा बैल. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला, सगळ्या शिवारात तिफणी चालू लागल्या आणि हा बांधावर डोक्याला हात लावून बसला. एका बैलावर तिफण चालत नाही.

नदीच्या पलीकडे एक मोठा बागायतदार होता. त्याचं आणि सावकाराचं जुनं वैर. त्याने निरोप धाडला, "माझा खिल्लारी घेऊन जा. भाडं नको, वैरण नको. सावकाराची जिरली की मला सगळं पावलं."

खिल्लारी आला. उंच, पांढराशुभ्र, ताकदीने भरलेला. दोन दिवसांत सगळं रान पेरून झालं. सावकार बांधावर येऊन बघून गेला. शेतकऱ्याने नदीपलीकडे तोंड करून हात जोडले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा खिल्लारी आला. शेतकऱ्याच्या मनात आलं, एवढा ताकदवान बैल असताना आपल्या तांबड्याला कशाला दमवायचं? त्याने जुवावरची दोरी खिल्लारीच्या बाजूला सरकवली. आता सगळा भार खिल्लारी ओढायचा आणि तांबडा नुसता सोबतीला चालायचा. तांबड्याच्या अंगावर मांस चढलं, कातडी तुकतुकीत झाली. शेतकरी खूश झाला. तांबड्याच्या खांद्याचा घट्टा विरघळत चाललाय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या वर्षी पेरणी अर्ध्यावर आली होती. चाड्यात मूठ सुटत होती, तास सरळ पडत होतं. तेवढ्यात नदीपलीकडून शीळ आली. बागायतदाराची आणि सावकाराची त्याच सकाळी दिलजमाई झाली होती. मळईची जमीन दोघांनी वाटून घेतली होती आणि बागायतदाराने आपला बैल माघारी बोलावला होता. शीळ ऐकताच खिल्लारी वळला. तासाच्या मधोमध वळला. तिफण आडवी झाली, चाडं फुटलं, बियाणं मातीत सांडलं. जू तोडून तो पाण्यात उतरला आणि धन्याकडे निघून गेला.

बैलाचा यात दोष नव्हता. दोन वर्षं तो इमानाने राबला होता. पण त्याला वाढवलं होतं पलीकडच्या शिळेने. त्या शिळेला तो वळणारच होता.

शेतकऱ्याने तांबड्याच्या सोबतीला शेजाऱ्याचा बैल जोडून पाहिला. दहा पावलांतच तांबड्याचा खांदा सोलला आणि तो खाली बसला. अर्धं रान तसंच राहिलं.

शेजारच्या बांधावर एक विधवा बाई होती. तिच्याकडेही एकच बैल होता. तिने सावड केली होती ती डोंगराकडच्या एका भिल्ल शेतकऱ्याशी. त्याच्याकडेही एकच बैल. एक दिवस हिच्या रानात, एक दिवस त्याच्या. भाकरी ज्याच्या रानात काम त्याच्या घरची. दोन्ही बैल लहान, दोघांच्या खांद्यांवर टणक घट्टे. त्यांची पेरणी सावकाश झाली, पण एक तासही रिकामं राहिलं नाही.

ती बाई शेतकऱ्याकडे आली. म्हणाली, "भाऊजी, रडत बसू नका. खरीप गेलं, पण रब्बीची दादर अजून आपल्या हाती आहे. तुमचा बैल आमच्या सावडीत आणा. पहिले आठ दिवस नुसता हलका वखर ओढू द्या. खांदा दुखेल. दुखू द्या, हळद लावा, पण जू उतरवू नका."

तसंच केलं. तांबड्याचा खांदा सुजला, मग सुकला, मग टणक झाला. पावसाळा सरताना तो सावडीतल्या बैलांच्या बरोबरीने चालू लागला. उरलेल्या अर्ध्या रानात दादर पेरली गेली. संक्रांतीला सावकार बांधावर आला तेव्हा कणसं डोक्याच्या वर गेली होती. रान पडीक नव्हतं. तो कागद घडी घालून परत गेला.

आबा थांबले. समोरच्या बैलाने मान हलवली, गळ्यातली घुंगरं वाजली.

"म्हणजे उसना बैल घेऊच नये?" नातीने विचारलं.

"असं कुठे म्हटलं मी? पहिल्या वर्षी खिल्लारी आला नसता तर रान तेव्हाच गेलं असतं. बैल घेण्यात चूक नव्हती. पण जुवाची दोरी सरकवताना त्याची चूक झाली. कुणाची मदत घ्यायची वेळ आली तर तीन गोष्टी आधी विचारायच्या. हा बैल कुणाच्या शिळेला वळतो? याला जोडीला घेऊन माझ्या बैलाचा खांदा टणक होतोय की मऊ? आणि काम संपल्यावर हा आपल्या गोठ्यात जाईल, की माझ्या गोठ्यात राहील? आता तुझी वही उघड. आपल्याच मुलखापासून सुरुवात करू."

नातीने पेन्सिल घेतली.

"दुसरा बाजीराव पेशवा तुला माहीत आहे. १८०२ च्या दिवाळीत, हडपसरला यशवंतराव होळकरांनी त्याचा आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणं सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची तैनाती फौज त्याच्या राज्यात कायमची राहणार आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. पुढच्या मे महिन्यात इंग्रज फौजेने त्याला पुण्यात आणून गादीवर बसवलं. बघ, पहिल्याच दिवशी दोरी सरकली. गादी याची, पण तिला आधार दुसऱ्याच्या खांद्याचा. पंधरा वर्षांनी हाच पेशवा इंग्रजांवर उलटला, पण तोवर खांदा मऊ झालेला होता. ३ जून १८१८ ला तो इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. कुठे? असीरगडाजवळ धुळकोटला. आपल्या खान्देशाच्या उंबऱ्यावर मराठ्यांचं राज्य संपलं."

"आणि लोक लढले नाहीत?"

"लढले. पण कोण लढलं ते ऐक. त्या काळी खान्देशातल्या कितीतरी गढ्या आणि किल्ले अरब शिपायांच्या हाती होते. सरदारांनी पगार देऊन ठेवलेले, समुद्रापलीकडून आलेले. शूर माणसं होती, यात शंका नाही. मालेगावचा किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला. १८१८ मध्ये त्यांच्या घराण्यातले गोपाळराव तिथे होते. पण किल्ला राखायला ठेवलेल्या अरबांचं बळ इतकं वाढलं होतं, की गोपाळराव आपल्याच किल्ल्यात त्यांचे कैदी होऊन बसले होते. इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा अरब जवळपास महिनाभर झुंजले आणि १३ जूनला किल्ला पडला. बाजीराव शरण गेल्यानंतर बरोबर दहा दिवसांनी. किल्ला राखणारे अरब, घेणारे इंग्रज, आणि किल्ल्याचा धनी आतल्या कोठडीत. तिसरा प्रश्न कोणता होता आपला?"

"काम संपल्यावर बैल कुणाच्या गोठ्यात राहील?"

"हां. तो कुणी विचारलाच नव्हता."

नातीने खाली मान घालून लिहिलं. मग म्हणाली, "म्हणजे बाहेरचा माणूस धोका देतोच?"

आबांचा आवाज चढला. "नाही. हे वाक्य लिहू नकोस. ते खोटं आहे. आपल्या सातपुड्यातली गोष्ट सांगतो. सेंधव्याचा घाट मुंबई-आग्रा रस्त्यावर. त्या घाटाची राखण भिल्ल नाईकांकडे होती. खाज्या नाईक त्यातलेच. १८५७ मध्ये त्यांनी आणि भीमा नाईकांनी इंग्रजांविरुद्ध भिल्लांना उठवलं. त्यांच्या सोबतीला अरब होते, मकराणी होते. पोट भरायला दूरच्या मुलखातून आलेले शिपाई. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाण्याला मेजर इव्हान्सच्या फौजेशी मोठी लढाई झाली. भिल्लांकडे तीरकमठे आणि थोड्या बंदुका. कडेकपारीत दबा धरून ते झुंजले. भिल्ल लढाई हरल्यावर इंग्रजांनी पकडलेल्यांचा रणातच झटपट न्याय केला आणि पन्नासावर माणसांना गोळ्या घातल्या. शेकडो भिल्ल बायकांना धरून नेलं. त्या डोंगरात भिल्लांचं रक्त आणि परमुलखातून आलेल्यांचं रक्त एकाच मातीत गेलं. त्यांना परकं कसं म्हणायचं? ज्याने आपल्या जुवाखाली आपला खांदा दिला आणि आपल्या शेजारी पडला, तो सावडीतला. पुढे खाज्या नाईक फितुरीने मारले गेले. भीमा नाईकांना काळ्या पाण्यावर धाडलं, ते अंदमानातच वारले. पण सातपुड्याने दोघांनाही विसरलेलं नाही. का? कारण त्या लढाईचा भार पहिल्या दिवसापासून डोंगरातल्या माणसांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला होता. सोबतीला आलेले सोबतीलाच होते."

बाहेर अंधार पडला होता. आजीने दिवा आणून कोनाड्यात ठेवला आणि ऐकत उंबऱ्यावर टेकली.

"आता अमेरिकेचं बघ," आबा म्हणाले. "तू लिहिलंस, फ्रान्सची फौज आली म्हणून अमेरिका जिंकली. साल कोणतं लिहिलंस?"

"तह १७७८ चा. आणि यॉर्कटाउनची लढाई १७८१ ची."

"आणि लढाई सुरू कधी झाली?"

नातीने पान उलटलं. "१७७५."

"मग मधली तीन वर्षं? त्या तीन वर्षांत फ्रान्सने बंदुका आणि दारूगोळा गुपचूप पुरवला, पण रणात उभी राहिली ती अमेरिकेचीच माणसं. १७७७ मध्ये सॅराटोगाला त्यांनी एक अख्खी इंग्रज फौज शरण आणली. त्यानंतर फ्रान्सने उघड तह केला. बैलाचा खांदा टणक आहे, हे दिसल्यावर शेजारी जोडीला आला. फ्रान्सचाही मतलब होताच. आधीच्या युद्धात इंग्लंडने त्याची वसाहत घेतली होती, १७६३ मध्ये तह करून ते नुकसान पदरात घ्यावं लागलं होतं. त्याला इंग्लंडची जिरवायची होती, आपल्या बागायतदारासारखी. यॉर्कटाउनला फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवली, फ्रेंच सेनापती रोशांबोची फौज वॉशिंग्टनच्या फौजेबरोबर उभी राहिली आणि इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. १७८३ मध्ये तह झाला, आणि फ्रेंच बैल आपल्या गोठ्यात परत गेला. त्या युद्धाच्या कर्जाने फ्रान्सच्या राजाचा खजिना पार रिता झाला आणि १७८९ मध्ये तिथे क्रांती झाली. म्हणून मदत देणाऱ्यालाही आपला खांदा पाहावा लागतो."

"मग नेताजी?" नातीने विचारलं. हा प्रश्न तिने मघापासून धरून ठेवला होता. "त्यांचा बैल तर उसनाच होता. आणि तो वळला. ते चुकले का?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले.

"नेताजींच्या आधीपासून ऐक. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं. जपान्यांच्या हाती लागलेल्या हिंदी शिपायांतून कॅप्टन मोहनसिंगांनी पहिली आझाद हिंद फौज उभी केली. वर्षअखेरीला त्यांच्या ध्यानात आलं, की जपान्यांना बरोबरीची फौज नकोय, हाताखालची माणसं हवीत. त्यांनी जपान्यांशी वाद मांडला आणि फौज मोडण्याचा हुकूम दिला. जपान्यांनी त्यांना कैद केलं. शीळ कुणाची, हे ओळखून त्यांनी जू उतरवलं.

"१९४३ मध्ये नेताजी आले. त्यांनी ती फौज पुन्हा उभी केली, २१ ऑक्टोबरला आझाद हिंदचं सरकार स्थापलं. आपल्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले त्या फौजेतल्या सगळ्यांत वरच्या अधिकाऱ्यांपैकी एक होते. खर्चासाठी मलाया आणि ब्रह्मदेशातल्या हिंदी लोकांनी पैसा दिला, बायांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. नेताजींचा आग्रह होता, की हिंदुस्थानच्या मातीवर पहिलं रक्त हिंदी शिपायाचं सांडलं पाहिजे. म्हणजे त्यांना तिन्ही प्रश्न ठाऊक होते, माय. आपल्या बैलाचा खांदा टणक व्हावा म्हणून ते धडपडत होते.

"तरी उसन्या बैलाचा धोका टळला नाही. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. जिथे भीमा नाईकांनी शेवटचा श्वास घेतला, त्याच अंदमानात. कागदावर बेटं आझाद हिंद सरकारची झाली, पण हुकूम जपान्यांचाच चालत राहिला. एक महिना झाला. ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला जपान्यांनी ४४ हिंदी माणसांना हेरगिरीचा आळ घेऊन गोळ्या घातल्या. त्यांतले बरेचसे हिंदी लोकांच्या स्वातंत्र्य संघाचं काम करणारे होते. वर झेंडा आपला आणि खाली मेलेली माणसंही आपली. हे भाषणात सांग. सांगताना नेताजींचा मान कमी होत नाही. इतका मोठा माणूस असूनही परक्याची शीळ त्याला थांबवता आली नाही, हे त्यातून कळतं."

आजीने डोळ्यांना पदर लावला.

"आता एक तारीख मोठ्या अक्षरात लिही," आबा म्हणाले. "१४ एप्रिल १९४४. त्या दिवशी मणिपूरमध्ये मोइरांगला आझाद हिंद फौजेच्या कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा उभारला. हिंदुस्थानच्या भूमीवर, लढत पुढे येऊन. आणि त्याच दिवशी, इथून काही कोसांवर, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी अडवला आणि लुटला. साडेपाच लाखांचा खजिना. ती रक्कम लढ्याच्या कामाला लागली."

"एकाच दिवशी?" नातीने पेन्सिल खाली ठेवली.

"एकाच दिवशी. चिमठाण्याला कोण होतं? आपल्या डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील. त्यांच्या पत्नी लीलाताईंनी ४२ च्या चळवळीत अमळनेर पेटवलं होतं. आणि सोबत आले होते साताऱ्याच्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजी अंमल झुगारून लोकांनी चालवलेल्या सरकारचे लोक, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी. वाटा खान्देशाला ठाऊक, भूमिगत फौजेची शिस्त साताऱ्याची. हे काय झालं सांग."

"सावड!" नात म्हणाली.

"सावड. एक बैल तुझा, एक माझा. भाकरी ज्याच्या रानात काम त्याच्या घरची. शीळ दोघांची एकच. त्याआधी दीड वर्ष, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले. पोरंच होती. हातात बंदूक नव्हती, झेंडा होता. कुणाची फौज पाठीशी येईल म्हणून ती थांबली नाहीत. खांदा असाच टणक होतो.

"मोइरांगचं पुढे काय झालं? जपानी आणि आझाद हिंद फौजांनी वेढलेलं इंफाळ पडलं नाही. जुलैमध्ये जपान्यांनी माघारीचा हुकूम दिला. रसद जपान्यांची, गाड्या जपान्यांच्या, बहुतेक हत्यारंही त्यांच्याच हातून आलेली. बैल तासाच्या मधोमध वळला. आपले शिपाई पावसात, चिखलात, उपाशीपोटी, तापाने फणफणत मागे फिरले. कितीतरी वाटेतच गेले. पण नेताजींची पेरणी वाया गेली नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला आणि सगळा देश उठला. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत आरमाराचे खलाशी उठले. त्यांच्या पाठीशी जपान नव्हता, कुणीच परका नव्हता. दादर पेरली गेली होती, पोरी. रब्बीचं पीक आलं ते आपल्या बैलांवर."

नातीने बराच वेळ लिहिलं. मग वही मिटून ती उठली. हळद-लोण्याच्या वाटीत बोटं बुडवून तिने धाकट्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. खरखरीत, कडक घट्टा होता.

"दुखत असेल का याला?"

"जू पहिल्यांदा ठेवलं तेव्हा दुखलं असेल. आता तेच त्याचं बळ आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण शिंगं रंगवण्याआधी खांदा चोळतो, ते उगाच नाही."

स्पर्धेच्या दिवशी तिने भाषणाचा शेवट असा केला: "शेजारी मदतीला आला तर त्याला नमस्कार करा, त्याचा बैल घ्या. पण जुवाची दोरी मधोमध ठेवा."

तात्पर्य: परक्याची मदत घेण्यात कमीपणा नाही, पण जो आपला सगळा भार परक्यावर टाकतो तो एक धनी घालवून दुसरा आणतो. वाचकहो, गावाची पाणी-योजना असो, सोसायटी असो, की उद्या देशावर आलेला प्रसंग असो, बाहेरून हात पुढे आला तर तो जरूर धरा. धरण्याआधी मात्र हे तीन प्रश्न विचारा आणि रोज आपल्या बैलाचा खांदा चाचपून पाहा. तो टणक असेल, तर उसना बैल गेला तरी तुमचं रान पडीक राहणार नाही.